जपानी संसाराचीं तीन रत्नें

१९४७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत टोकियोच्या जिल्हा न्यायालयांतील यामागुची योशितादा नांवाचे एक न्यायाधीश उपासमारीनें मरण पावले. काळ्या बाजारांत धान्य घेणाऱ्या लोकांचे खटले त्यांच्यापुढें चालत. ज्या गुन्ह्याबद्दल इतरांस शिक्षा ठोठवावयाची तो आपण स्वतः करावा हें त्यांच्या मनास पटेना. म्हणून सरकारी शिध्यावर मिळे तेवढेंच ते खाऊं लागले, आणि त्यांतलाही बराच वांटा मुलांस देऊं लागले. शिध्यावर त्या काळीं माणूस जगत नसे. ही वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हां देश हळहळला. परंतु हळहळणाऱ्यांपैकीं जवळजवळ प्रत्येकजण काळ्या बाजारामुळेंच जिवंत राहिला होता. शहरांतल्या बायका आगगाडीनें खेड्यांत जात, लग्नांतले रेशमी किमोनो शेतकऱ्यापुढें ठेवीत आणि बदल्यांत तांदूळ किंवा रताळीं घेऊन परत येत. असें एकेक वस्त्र घरांतून जात राही, म्हणून ह्या जगण्यास लोकांनीं बांबूच्या कोंबाचें जिणें असें नांव दिलें होतें. कोंबाचा एकेक पापुद्रा सोलीत गेलें म्हणजे शेवटीं हातांत कांहीं उरत नाहीं.

ह्या घटनेस एकवीस वर्षें झालीं न झालीं तोंच, १९६८ सालीं, साम्यवादी देश वगळतां एकंदर राष्ट्रीय उत्पन्नांत अमेरिकेच्या खालोखाल जपानचा क्रम लागला. १९५५ पासून १९७३ पर्यंत दरसाल सरासरी नऊ-दहा टक्के ह्या वेगानें तें राष्ट्र वाढत होतें. आमच्याकडे ह्या उत्कर्षाची जी कथा सांगितली जाते ती बहुधा कारखान्यापासून सुरू होते आणि बंदरावर संपते: जपान्यांनीं पाश्चात्त्यांची विद्या घेतली, स्वस्त व चोख माल केला, तो जगास विकला आणि ते श्रीमंत झाले. ही कथा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. त्या काळांत जपानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें दशांशच निर्यातींत जात असे. बाकीचें सारें देशांतच खपलें. कांहीं नव्या कारखान्यांच्या उभारणींत, आणि पुष्कळसें घरांत. हें घरांत खपणें वाटतें तितकें सोपें नव्हतें. जें घर पूर्वीं होतें त्यांत ह्या वस्तूंना जागाच नव्हती. ती जागा करण्याकरितां जपानी माणसास आपला संसार मोडून नव्यानें मांडावा लागला, आणि मला स्वतःला त्या उत्कर्षाच्या इतिहासांत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

मोडण्याचें काम कायद्यानें आधींच आरंभिलें होतें. जुन्या दिवाणी कायद्यांत घराचा कर्ता हा एक लहानसा राजाच होता. कुटुंबांतील माणसानें कोठें राहावें, कोणाशीं लग्न करावें, ह्यास त्याची संमति लागे. घराण्याचा वारसा थोरल्या मुलाकडे जाई. आपल्याकडील एकत्र कुटुंबाच्या कर्त्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हें चित्र निराळें समजावून सांगावयास नको. १९४७ च्या नव्या राज्यघटनेस अनुसरून हा कायदा बदलला, आणि १ जानेवारी १९४८ पासून कर्त्याचें पद, निदान कागदावर, नाहींसें झालें. त्याच सुमारास कूळकायद्यानें जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या. परंतु कायद्यानें जुनें घर पोकळ होतें, पडत नाहीं. थोरल्या भावाच्या छपराखालून निघून वेगळी चूल मांडावयाची तर महिन्याच्या महिन्यास पगार हातीं यावा लागतो.

तो पगार कसा येऊं लागला तें थोडक्यांत सांगतों. १९४९ सालीं अमेरिकन सल्लागारांच्या आग्रहानें सरकारी खर्च कापला गेला आणि एका डॉलरास ३६० येन हा दर ठरला. महागाई थांबली, पण कारखानेही थांबावयाच्या बेतास आले. टोयोटा मोटार कंपनीचें दिवाळें वाजण्याची वेळ आली, कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि तिचे संस्थापक टोयोदा किइचिरो ह्यांना १९५० मध्यें अध्यक्षपद सोडावें लागलें. त्याच वर्षाच्या २५ जूनला कोरियांत युद्ध पेटलें, व अमेरिकन सैन्याच्या मालमोटारींच्या मागण्यांनीं ती कंपनी वांचली. शेजारच्या देशाचा जो सत्यानाश झाला त्यांतून जपानला भांडवल मिळालें, ही गोष्ट गोड शब्दांत सांगण्याजोगी नाहीं.

१९५६ च्या आर्थिक अहवालांत युद्धोत्तर काळ आतां सरला अशा अर्थाचें एक वाक्य आलें आणि तें सर्वतोमुखीं झालें. लोकांनीं तें विजयाची दवंडी समजून घेतलें. लिहिणाऱ्यांचा हेतु खरोखर इशारा देण्याचा होता: मोडलेलें पुन्हा उभारण्यापुरती वाढ सोपी असते, ती संपली, पुढची वाढ नवीं तंत्रें आणल्यावांचून व्हावयाची नाहीं. पण इशारे ऐकण्याच्या मनःस्थितींत कोण होतें? वृत्तपत्रकारांनीं तेजीला नांवें देण्यांतही मोठी मौज केली. पहिल्या तेजीस त्यांनीं जिम्मूची तेजी म्हटलें, कारण जिम्मू हा पुराणांतला पहिला सम्राट, व त्याच्या काळापासून असें कांहीं कोणी पाहिलें नव्हतें. १९५८ नंतरची तेजी तिच्याहून मोठी निघाली, तेव्हां जिम्मूच्याही मागें जाऊन सूर्यदेवता जिच्यांत लपून बसली होती त्या गुहेचें नांव काढावें लागलें. १९६५ नंतरची तर त्याहूनही लांबली, आणि ज्यानें तीं बेटेंच निर्माण केलीं त्या इझानागी देवाला पाचारण करावें लागलें. त्यापलीकडे पुराणही फारसें शिल्लक नव्हतें.

पुराणाचा असाच उपयोग घरांतल्या वस्तूंसाठींही झाला. आरसा, तलवार आणि मणि हीं राजवंशाचीं तीन पवित्र रत्नें. १९५५ नंतरच्या वर्षांत हें नांव लोकांनीं टेलिव्हिजन, कपडे धुण्याचें यंत्र आणि रेफ्रिजरेटर ह्या तिघांस दिलें. ह्यांत थट्टा होती, परंतु नुसती थट्टा नव्हती. पहिला जपानी टेलिव्हिजन १९५३ सालीं शार्पच्या कारखान्यानें १,७५,००० येनांस विकावयास काढला, त्या वेळीं सरकारी कचेरींत नव्यानें लागलेल्या शालान्त तरुणास महिन्यास ५,४०० येन मिळत. अडीच वर्षांचा सबंध पगार! साहजिकच पहिलीं कांहीं वर्षें लोक टेलिव्हिजन पाहत ते रस्त्यावर, स्टेशनाबाहेर, चौकांत उंच मांडलेल्या यंत्रापुढें उभे राहून. १९५४ सालीं रिकिदोझान हा मल्ल धिप्पाड अमेरिकन मल्लांना लोळवूं लागला तेव्हां त्या चौकांत हजारोंनीं गर्दी लोटे. हरलेल्या राष्ट्राला तेवढें समाधानही पुष्कळ होतें. हा राष्ट्रवीर जन्मानें कोरियन होता, आणि ती गोष्ट प्रेक्षकांपासून लपविण्यांत आली होती.

तीन रत्नांत ज्याची गणना झाली नाहीं, पण माझ्या मतें जें चौथें रत्न म्हणावयास हवें, तें म्हणजे भात शिजविण्याचें विजेचें भांडें. जपानी घरांत गृहिणी पहांटे उठे ती भाताच्या चुलीसाठीं. जाळ केव्हां वाढवावा, केव्हां ओढावा, वाफ केव्हां मुरवावी, ह्यावर लक्ष ठेवून तिला चुलीपाशींच बसावें लागे. तोशिबा कंपनीनें आपोआप बंद होणारें भांडें करण्याचें काम मिनामी योशितादा नांवाच्या एका लहान कारखानदारास दिलें. त्याला भाताचें शास्त्र ठाऊक नव्हतें. तें त्याच्या पत्नीला, फुमिकोला, ठाऊक होतें. तिनें थंडींत व उन्हाळ्यांत, घरांत व अंगणांत, रोज भात शिजवून उष्णतेचीं मोजमापें टिपून ठेवलीं. अखेरीस जी युक्ति सांपडली ती मोठी साधी होती. भांड्याबाहेर दुसरें भांडें, त्यांत मोजून पाणी. तें पाणी वीसेक मिनिटांत आटतें, आटलें कीं उष्णता एकदम चढते, आणि त्या चढत्या उष्णतेनें दोन धातूंची एक पट्टी वांकून वीज तोडते. १९५५ च्या डिसेंबरांत हें भांडें ३,२०० येनांस बाजारांत आलें. सून एक तास अधिक झोपूं लागली. सासूला हें रुचलें नसेल तर नवल नाहीं. आपल्याकडे पिठाच्या गिरण्या झाल्या तेव्हां जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून साहित्यिकांनीं शोक केला. जिला पहांटे उठून दळावें लागे तिनें तो शोक केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

ह्या वस्तूंनीं शेजारधर्मावर काय परिणाम केला तें पाहावयाचें असेल तर आंकड्यांपेक्षां ओझू यासुजिरो ह्यांचा १९५९ सालचा ‘ओहायो’ हा चित्रपट अधिक उपयोगी पडतो. शहराबाहेरच्या एका वसाहतींत लहान लहान घरें एकमेकांस खेटून उभीं आहेत. एका घरीं कपडे धुण्याचें यंत्र आलें, आणि महिला मंडळाची वर्गणी वेळेवर पोंचली नव्हती. झालें, त्या वर्गणींतूनच यंत्र घेतलें अशी कुजबुज दारोदार फिरूं लागते. दुसऱ्या घरचे दोन भाऊ टेलिव्हिजन हवा म्हणून हट्ट धरतात, आणि वडील रागावतात तेव्हां मौनव्रत घेतात. मुलें नमस्कारास उत्तर देत नाहींत म्हणून आणखी गैरसमज वाढतात. अखेरीस टेलिव्हिजन घरीं येतो तो मुलांच्या हट्टापेक्षां निराळ्याच कारणानें: शेजारचे निवृत्त गृहस्थ पोटासाठीं विजेच्या वस्तु विकूं लागलेले असतात, त्यांना हातभार म्हणून. निवृत्तीनंतर भागत नाहीं म्हणून एकानें विकावयाचें, आणि भीड म्हणून दुसऱ्यानें घ्यावयाचें. बाजारपेठ म्हणून जिचा अर्थशास्त्रज्ञ उल्लेख करतात ती पुष्कळदां अशी असते.

त्याच वर्षीं १० एप्रिलला युवराज अकिहितो ह्यांचा विवाह झाला. वधू शोदा मिचिको ही पिठाच्या गिरण्यांच्या एका धनाढ्य मालकाची कन्या. राजघराण्यांतली नव्हे, सरदारकुळांतलीही नव्हे. दोघांची ओळख टेनिसच्या मैदानावर झाली होती, आणि हें लग्न आईबापांनीं जुळविलेलें नसून परस्परांच्या पसंतीचें आहे असें सर्वत्र छापून आलें. ती वरात पाहावयास मिळावी म्हणून देशभर टेलिव्हिजनची खरेदी झाली. त्या एप्रिलांत परवानाधारकांची संख्या वीस लाखांच्या पलीकडे गेली, व १९६२ मध्यें ती एक कोटीच्या वर होती. दहा वर्षांपूर्वीं कायद्यानें जी गोष्ट सांगितली होती ती लोकांनीं ह्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिली: कर्त्याच्या आज्ञेवांचूनही विवाह होतो, आणि तो थेट राजवाड्यांत होतो.

अशा विवाहांना घर हवें होतें. तें सरकारनें १९५५ सालीं स्थापिलेल्या गृहनिर्माण महामंडळानें बांधलें. सिमेंटच्या चार-पांच मजली चाळींच्या त्या वसाहतींस दांची म्हणत. जुन्या घरांत ज्या चटयांच्या खोलींत जेवावयाचें तींतच रात्रीं अंथरूण पसरावयाचें अशी रीत. येथें दोन खोल्या निजावयास, आणि जेवणासाठीं स्वयंपाकघराचाच थोडा वाढविलेला भाग, त्यांत टेबल व खुर्च्या. दाराला पोलादी पत्रा आणि किल्लीचें कुलूप. नवराबायकोंनीं एकटें राहावें व दार लावून घ्यावें ही त्या देशांत नवी चैन होती, आणि तिच्यासाठीं इतके अर्ज येत कीं चिठ्ठ्या टाकून घरें द्यावीं लागत. १९६० च्या सप्टेंबरांत खुद्द युवराज व युवराज्ञी टोकियोजवळची हिबारिगाओका ही वसाहत पाहावयास गेलीं. आजीआजोबांची खोली मात्र त्या आराखड्यांत कोठेंच नव्हती.

ह्या घराची सत्ता गृहिणीच्या हातीं आली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. नवरा पगाराचें पाकीट न फोडतां तिच्या हातीं देई, व ती त्याला हातखर्चास मोजके पैसे देई. वर्षांतून दोनदां मिळणारा बोनस ठेवावयाचा किती आणि त्यांतून वस्तु घ्यावयाची कोणती, हें तीच ठरवी. तरीही ह्या राज्याच्या सीमा दोन खोल्यांच्या होत्या. शेतावर आणि दुकानांत पूर्वीं स्त्री पुरुषाबरोबर राबत असे. पगारदाराची बायको घरींच राहूं लागली, व ऐन भरभराटीच्या काळांत काम करणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण कमी झालें. यंत्रांनीं वांचविलेले तास तिनें स्वतःस दिले नाहींत, मुलांच्या परीक्षांस दिले. आणि नवरा? तो सकाळीं चेपाचेपीच्या आगगाडीनें जाई तो मुलें निजल्यावर परते. घर भरावें म्हणून तो इतका राबला कीं त्या घरांत राहावयास त्याला सवड उरली नाहीं.

दुसराही एक विशेष सांगितला पाहिजे. उपभोगी समाज म्हटला कीं उधळपट्टी डोळ्यांपुढें येते. हा समाज उधळा नव्हता. हप्त्यांनीं यंत्र घ्यावयाचें आणि त्याच महिन्यांत टपालकचेरींतल्या खात्यावर पैसेही टाकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९७० च्या सुमारास जपानी कुटुंबें आपल्या मिळकतीचा जवळजवळ पंचमांश शिल्लक टाकीत. तो पैसा बँकांतून कारखान्यांकडे जाई, कारखाने आणखी यंत्रें करीत, आणि तीं घेण्यासाठीं तींच कुटुंबें आणखी काटकसर करीत. ज्यांनीं लहानपणीं आईचे किमोनो एकेक करून जातांना पाहिले त्यांच्या ह्या संचयास मी तरी लोभ म्हणणार नाहीं. १९६० च्या जूनमध्यें अमेरिकेशीं झालेल्या सुरक्षा करारावरून टोकियोचे रस्ते लाखों लोकांनीं भरले, संसदेपाशीं काम्बा मिचिको ही विद्यार्थिनी चकमकींत मरण पावली, पंतप्रधान किशी ह्यांस जावें लागलें. आणि त्यांच्यामागून आलेल्या इकेदा हायातो ह्यांनीं वर्ष संपण्यापूर्वीं दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना पुढें ठेवली. रस्ते रिकामे झाले. योजना दहाऐवजीं सातेक वर्षांतच पुरी झाली.

आतां जी माणसें ह्या घरांत नव्हतीं त्यांच्याकडे वळूं. ईशान्येकडच्या गरीब प्रांतांतून दर वसंतांत खास आगगाड्या टोकियोच्या उएनो स्टेशनावर येत. त्यांत पंधरा वर्षांचीं, नुकतीच माध्यमिक शाळा संपविलेलीं मुलेंमुली असत, एकाच गांवचीं, शाळेच्याच गणवेषांत. कारखानदार व दुकानदार त्यांना सोन्याचीं अंडीं म्हणत. अंड्यांना हें विशेषण कसें वाटलें तें कोणी फारसें विचारलें नाहीं. हिवाळ्यांत त्यांचे बाप येत, आणि १९६४ च्या ऑलिंपिकसाठीं चाललेल्या बांधकामांवर मजुरी करीत. त्या वर्षीं १ ऑक्टोबरला टोकियो ते ओसाका हें अंतर चार तासांत तोडणारी शिंकान्सेन गाडी सुरू झाली आणि सर्व जगानें तिचें कौतुक केलें. मागें खेड्यांत शेती उरली ती आजोबा, आजी आणि आई ह्या तिघांकडे, व तशा शेतीस एक लाडिक विनोदी नांवही पडलें. कोळशाची जागा तेलानें घेतली तेव्हां क्यूशूंतल्या मीइके खाणींत १९६० सालीं कामगारांनीं दीर्घ संप केला व ते हरले. १९६३ च्या ९ नोव्हेंबरला त्याच खाणींत स्फोट होऊन ४५८ माणसें मेलीं.

ह्या संसारास लागणाऱ्या लोखंडाचा एक धागा आमच्या कोंकणपट्टीपर्यंत येतो. १९५० मध्यें जपान अठ्ठेचाळीस लाख टन पोलाद करी. १९७० मध्यें तें नऊ कोटी तीस लाख टनांवर गेलें, आणि त्या देशांत खनिज लोखंड जवळजवळ नाहींच. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यांत डिचोली, सत्तरी, सांगें ह्या भागांतल्या टेंकड्या ह्याच काळांत भराभर खणल्या गेल्या. माल मांडवी व जुवारी नद्यांतून बार्जींनीं मुरगांवास जाई, तेथून जहाजांनीं मुख्यत्वेंकरून जपानला. १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज गेले, गिऱ्हाईक तेंच राहिलें. गोव्यांत ह्या व्यापारानें कांहीं घराणीं गडगंज झालीं. पावसाळ्यांत खाणींची तांबडी माती वाहून शेतांत बसली ती कुळांच्या वांट्यास आली. टोकियोच्या गृहिणीला ह्याची वार्ता नव्हती, आणि असण्याचें कारणही नव्हतें.

तिच्या अगदीं जवळच्या समुद्रांत काय चाललें होतें त्याची तरी वार्ता तिला कोठें होती? आपल्या पुराणांत समुद्रमंथनांतून रत्नांबरोबर हलाहलही निघालें. क्यूशू बेटावरच्या मिनामाता ह्या गांवीं चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. नव्या घरांतल्या मऊ प्लॅस्टिकसाठीं जें रसायन लागे त्याच्या पूर्वतयारींत तेथें पारा वापरीत, आणि उरलेलें पाणी उपसागरांत सोडून देत. प्रथम मांजरें झटके येऊन पाण्यांत पडून मेलीं. मग कोळ्यांच्या मुलांचे हातपाय वांकडे होऊं लागले, वाचा गेली. १ मे १९५६ रोजीं कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे ह्यांनीं ह्या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी आरोग्य कचेरीस दिली. युद्धोत्तर काळ सरल्याचें सांगणारा अहवाल त्याच वर्षींच्या जुलैंतला आहे.

१९५९ मध्यें कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं रोगाचें मूळ पाऱ्यांत आहे असें सांगितलें. होसोकावांनीं कारखान्याचें पाणी अन्नांत घालून एका मांजरास दिलें. तेंही तसेंच लुळें पडलें. कंपनीनें हा प्रयोग दडपून ठेवला, आणि रोग्यांच्या कुटुंबांस थोडीशी रक्कम देऊन पुढें आणखी मागणी करणार नाहीं असें लिहून घेतलें. पाणी आणखी नऊ वर्षें समुद्रांत जात राहिलें. १९६८ च्या मे महिन्यांत ती जुनी प्रक्रिया कंपनीच्या दृष्टीनें निरुपयोगी झाली व बंद पडली. सप्टेंबरांत सरकारनें रोगाचें कारण मान्य केलें. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. न्यायालयानें कंपनीस दोषी ठरविलें तें १९७३ च्या मार्चमध्यें. हलाहल पिणारा नीलकंठ येथें कोणी पुढें आला नाहीं; तें मासे खाऊन जगणाऱ्या माणसांनीं प्यालें.

त्याच वर्षाच्या शरदांत अरब राष्ट्रांनीं तेलाची किंमत वाढविली. ओसाकाजवळच्या सेनरी ह्या नव्या आदर्श वसाहतींत शौचाचा कागद मिळेनासा होणार अशी अफवा उठली. दुकानापुढें बायकांच्या रांगा लागल्या, आणि थोड्याच दिवसांत देशभर तो कागद दिसेनासा झाला. कागदाचा तुटवडा खरोखर नव्हता. पण त्या रांगांतल्या कित्येकजणी १९४६ सालींही रांगेंत उभ्या राहिल्या असतील, आईचें बोट धरून. दुसऱ्या वर्षीं, १९७४ मध्यें, युद्धानंतर प्रथमच राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याऐवजीं घटलें.

दांचींचीं घरें अजून उभीं आहेत. चिबा प्रांतांतली तोकिवादाइरा ही त्यांपैकीं एक मोठी वसाहत, १९६० च्या सुमारास तरुण जोडप्यांनीं भरलेली. मुलें शिकून निघून गेलीं, आईबाप तेथेंच म्हातारे झाले, आणि दार किल्लीनें लावून घेण्याची संवय तशीच राहिली. शतकाच्या वळणावर तेथें एका खोलींत एका वृद्ध गृहस्थाचा सांगाडा सांपडला. तो मरून तीन वर्षें झालीं होतीं. घराचें भाडें आणि विजेपाण्याचें बिल त्याच्या बँकेंतल्या शिलकेंतून महिन्याच्या महिन्यास आपोआप वळतें होत असे. ती शिल्लक संपली तेव्हां भाड्याची चौकशी करावयास माणूस आला. त्यानंतर तेथल्या रहिवाशांच्या मंडळानें एकट्या राहणाऱ्यांचीं नांवें टिपून घेतलीं, आणि मंडळाचीं माणसें त्यांच्या दारावर थाप मारूं लागलीं.